लाभलेलं घर

"वहिनी, मंगळसूत्र तेवढं घाला," शिरगुप्पे म्हणाला. "बाकी सगळं मी सांभाळतो."

"ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे."

"मग खोटं घाला. पण मोकळा गळा नको. आज खराडेंची आई येतेय. पोराला घर पसंत आहे, सुनेलाही आहे, पण त्यांच्याकडं शेवटचा शब्द म्हातारीचा. ती आधी तुमचा गळा बघणार, मग भिंती."

शिरगुप्पे म्हणजे आमचं घर विकून देणारा एजंट. बारीक चणीचा, जिभेवर साखर आणि बगलेत कायम काळी पिशवी. त्यानं याआधी तीन गिऱ्हाइकं आणली होती. तिघांनाही घर आवडलं होतं आणि तिघांनीही आजूबाजूला चौकशी केली होती की हे नवरा-बायको घर का विकतायत. चौकशी झाली की माणसं पुन्हा फिरकत नसत. तिसऱ्यानं निदान तोंडावर सांगितलं, "ज्या घरात संसार मोडला तिथं पोराचं लग्न करून सून कशी आणायची हो?" त्याला मी काय सांगणार? संसार काही घरानं मोडला नव्हता.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, सांगलीची. विश्रामबागेत आमची चार खोल्यांची बंगली होती. विद्याधर, माझा नवरा, वर्षभरापासून मिरजेला खोली घेऊन राहत होता. आता मी त्याला सरळ 'तो' म्हणते. तेव्हा 'अहो' म्हणायची सवय होती, आणि त्या वर्षभरात काहीच म्हणायचा प्रसंग आला नव्हता. घटस्फोट मला हवा होता. त्यानं नाही म्हटलं नाही, निरोपानं अट घातली. आधी घर विकायचं, वाटणी करायची, मगच तो संमतीच्या अर्जावर सही करणार. म्हणजे घर विकलं जाईपर्यंत मी त्याची बायको.

म्हणून मुकाट्यानं कपाट उघडलं. आमची ऋता नववीत शाळेच्या नाटकात सासू झाली होती. तेव्हाचं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र हाताला लागलं, ते गळ्यात अडकवलं. ऋताला त्या दिवशी मी कोल्हापूरला भावाकडे पाठवलं होतं. आईबापांचं नाटक तिनं कशाला बघायचं!

बेल वाजली. विद्याधर दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. स्वतःच्या घराची बेल वाजवून उभा राहिलेला माणूस कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या.

"साहेब, चपला आत काढा, स्टँडवर," शिरगुप्पे हळूच ओरडला. "पाहुण्यासारख्या बाहेर काय काढताय? आणि खुर्चीत ताठ बसू नका. जरा ऐसपैस बसा. पेपर घ्या हातात."

विद्याधर ऐसपैस बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला चाललोय, असं ठरलंय ना?"

"हो," मी म्हटलं.

वर्षातलं आमचं पहिलं बोलणं ते एवढंच.

मला घटस्फोट का हवा होता हे कुणालाच कळत नसे. मारतो का? नाही. पितो का? नाही. बाहेर काही? छे! मग काय? माझ्या आईनं तर हातच टेकले होते. वकील आरगेबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा मी म्हटलं, "त्यांना मी दिसत नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे अर्जात कसं लिहू?" खरंच, कसं लिहिणार? सोळा वर्षांत या माणसाच्या तोंडून भाजी चांगली झाली असं कधी निघालं नाही, की आज दमलेली दिसतेस असं निघालं नाही. मी न्यूमोनियातून उठले तेव्हा यानं विचारलं होतं, माझा निळा शर्ट कुठाय. पण मी मनाशी त्याची बाजू घेत आले होते. वाईट नाही, दुष्ट तर मुळीच नाही. काहींना रंग दिसत नाहीत, याला माणसं दिसत नाहीत. त्यावर काय रागवायचं? त्याच्याबरोबर राहणं मला जमत नव्हतं, पण माझ्या मनात त्याच्यासाठी एक मऊ कोपरा शिल्लक होता.

खराडे मंडळी जीपमधून आली. तासगावकडची, द्राक्षबागायतदार. जयसिंग तिशीचा, उंचापुरा, अबोल. त्याची बायको संजीवनी, डोक्यावरचा पदर सतत सावरणारी. आणि आक्का. हातात कापडी पिशवी, नाकात नथीएवढी मोठी चमकी. उंबऱ्यात थांबून तिनं खरोखरच आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"खोटं घालतीस व्हय?" ती म्हणाली.

शिरगुप्पेचा चेहरा पडला. मी म्हटलं, "चोऱ्या किती वाढल्यात आक्का. खरं घालून कोण हिंडतंय?"

"त्येबी खरंच," म्हणत ती आत आली.

मग घर दाखवणं सुरू झालं. शिरगुप्पे पुढे, आक्का मागे. तिनं भिंतींवर हात फिरवले, नळ सोडून बघितले, न्हाणीघरात पाय आपटून बघितला. मधेच म्हणाली, "तान लागलीया." विद्याधर मोठ्या तत्परतेनं उठला, स्वयंपाकघरात गेला आणि ग्लासांचं कपाट उघडलं. ग्लास तिथं नव्हते. तो गेल्यावर मी तिथं ऋताची पुस्तकं ठेवली होती. तो दहावीचं भूगोलाचं पुस्तक हातात घेऊन उभा राहिला. आक्का बघत होती.

गेलं, म्हटलं, हेही गिऱ्हाईक गेलं.

"काय सांगू आक्का," विद्याधर हसत म्हणाला. "दर महिन्याला ही घर उलटंपालटं करते. मला माझे मोजेसुद्धा विचारून घ्यावे लागतात. शैला, कुठं ठेवलेस गं ग्लास?"

शैला! लग्नानंतर दोन-चार महिने त्यानं ही हाक मारली असेल. नंतर मी 'अगं' झाले, मग 'ऐकलंस का', मग तेही नाही. आणि आता ती हाक इतक्या सहज आली की मी जागची हलले नाही. मग कशीबशी ग्लास शोधू लागले.

आक्का खुशीत येऊन हसली. "बाईचं घर हाय म्हणायचं," ती म्हणाली.

"बाईचंच," विद्याधर म्हणाला. "मी नुसता राहतो."

त्यानंतर त्याला काय चढलं कोण जाणे. शिरगुप्पेनं शिकवलेलं दोन वाक्यांत संपलं होतं, पण हा थांबेना. स्वयंपाकघराची खिडकी दाखवत म्हणाला, "ही मुळात पश्चिमेला होती. भिंत उभी राहिली होती सगळी. ही गवंड्याला म्हणाली, दुपारचं ऊन अंगावर घेऊन मी पोळ्या लाटू का? पाडायला लावली भिंत. बघा आता, सकाळचं ऊन कसं येतं ते." ओट्यावर थाप मारून म्हणाला, "हा ओटा हिच्या उंचीचा आहे. नकाशात नव्हता तसा. हिनं स्वतः उभी राहून खूण करून दिली." मागच्या दारी कढीपत्त्याचं झाड होतं, ते मी माहेराहून डब्यात रोप आणून लावलं होतं, हेही त्याला माहीत होतं. वाटेत ते माझ्या मांडीवर होतं हेसुद्धा.

मी ऐकत होते. आधी छान वाटलं, खोटं कशाला बोलू? माझं अंग मोहरून आलं. ज्या शब्दांची सोळा वर्षं वाट पाहिली ते शब्द माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बोलले जात होते. मग भानावर आले. तो माझ्याशी बोलत नव्हता. तो घर विकत होता.

चहा करायला मी आत गेले तर संजीवनी मदतीला आली. कपबशा पुसता पुसता हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक बोलू का? तुम्ही लई नशीबवान आहात."

"का हो?"

"तुमचे मालक किती सांगतात तुमच्याबद्दल. आमच्याकडं एक शब्द निघत नाही. लग्नाला चार वर्षं झाली. नवीन घर झालं की बोलतील असं वाटतंय मला."

तिच्या डोळ्यांत खरोखरीची आशा होती. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तासाभरात जीप तासगावला परत गेली असती आणि त्याची सही राहिली असती. मी चहा गाळला.

"वाट बघू नका," मी म्हटलं.

तिला ती थट्टा वाटली. तोंडावर पदर धरून ती हसली.

ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा आक्का मुद्द्यावर आली होती. मांडी घालून सोफ्यावर बसली होती आणि विद्याधरला विचारत होती, "भिंती बघून झाल्या. आता खरं सांगा. घर लाभलं का तुमास्नी? आनि लाभलं तर मग इकताय कशापायी?"

"लेकीच्या शिक्षणासाठी," शिरगुप्पे घाईनं म्हणाला. "पुण्याला..."

"तू गप ऱ्हा. मालकांना इचारतीया मी."

विद्याधरनं पेपर बाजूला ठेवला.

"आक्का," तो म्हणाला, "वर बघा. या स्लॅबला पंधरा पावसाळे झाले, एक थेंब गळत नाही. का माहितेय? हिनं पाणी घातलंय. मी तेव्हा सोलापूरला नोकरीवर, शनिवार-रविवार यायचो. भर उन्हाळ्यात स्लॅब पडला. त्यावर मातीची आळी करून पाणी साठवायचं असतं, सकाळ-संध्याकाळ. हिला सातवा महिना. गवंडी म्हणायचा, बाई, तुम्ही चढू नका, आम्ही घालतो. पण हिचा कुणावर विश्वास असेल तर ना! स्वतः शिडीवर चढायची."

"आगं बाई!" आक्का माझ्याकडे बघून म्हणाली.

"आणि एकदा पडली," तो म्हणाला.

मी ट्रे टेबलावर ठेवला.

"शिडीवरून घसरली. कमरेला मार लागला. कुणाला बोलली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, न्हाणीघरात पाय सरकला. आठवडाभर लंगडत होती, पण पाणी घालायचं चुकवलं नाही. मला गवंड्यानं सांगितलं, त्याच शनिवारी, बसस्टँडवर. म्हणाला, साहेब, बाईंना जपा." विद्याधर हसला. काय सुंदर हसला! "आता तुम्हीच सांगा आक्का, असं बांधलेलं घर लाभणार नाही तर काय होईल?"

तो शनिवार मला अजून आठवतो. तेव्हा आम्ही शेजारच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. तो संध्याकाळी आला, पिशवी ठेवली. मी भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात गेले. पोटातलं मूल सकाळपासून हललं नव्हतं आणि मी घाबरून अर्धी झाले होते. बोलायची हिंमत नव्हती, कारण तो म्हणाला असता, चढायला कुणी सांगितलं होतं? पण तो नुसतं 'काय झालं' म्हणाला असता तरी मी सगळं सांगितलं असतं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले असते. तो म्हणाला, "चहा टाक." मध्यरात्रीनंतर कधीतरी ऋतानं पोटात लाथ मारली तेव्हा मी तोंडात पदर कोंबून एकटीच रडले. तो शेजारी झोपला होता. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, याला दिसतच नाही.

त्याला गवंड्यानं बसस्टँडवरच सगळं सांगितलं होतं.

"बग रं, बग," आक्का जयसिंगला म्हणत होती. "चार मानसांत बायकोचं कवतिक कसं करावं बग. शिक कायतरी." जयसिंगनं मान खाली घातली. संजीवनी माझ्याकडे अशी पाहत होती की मला तिच्याकडे बघवेना.

आक्कानं पिशवी पुढे ओढली. आतून खण निघाला, नारळ, तांदळाची पुरचुंडी, हळदीकुंकवाचा करंडा. "घर पसंत हाय," ती म्हणाली. "आमच्यात रीत हाय. घर घ्यायचं तर त्या घरच्या लक्षिमीची वटी भरून घ्यायचं. ती भरल्या वटीनं बाहेर पडली म्हंजे मागं तळतळाट ऱ्हात न्हाई. बस पाटावर."

पाट नव्हता, सतरंजीवर बसले. तिनं कुंकू लावलं, तांदूळ हातात घेतले आणि थांबली.

"आदी नाव घे मालकांचं."

"आक्का, आता कुठं... किती वर्षं झाली," मी म्हटलं.

"असूदे की. नाव घेतल्याबिगर वटी न्हाई भरायची."

शिरगुप्पे डोळ्यांनी विनवत होता. विद्याधर हसरा चेहरा करून वाट बघत होता. मला त्या क्षणी त्याचा इतका संताप आला होता की तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मलाच खात्री नव्हती. एक शब्द पुरे होता. एक शब्द बोलले असते तर त्याचं ते हसू कायमचं उतरलं असतं. आणि घर राहिलं असतं, मीही त्यात राहिले असते, त्याची बायको म्हणून.

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हटलं,

"पायात भरला मुरूम, भिंतीत रचली वीट,
विद्याधररावांचं नाव घेते, ऐका सगळे नीट!"

"घराचंच जुळिवलं की गं!" आक्का खळखळून हसली. माझ्या ओटीत तांदूळ पडले, नारळ पडला, खण पडला. "ह्यो नारळ कुनाला दिऊ नगंस. तूच खा." शिरगुप्पेनं काळ्या पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. आधीच आणून ठेवला होता मेल्यानं.

जीप गेली. तिच्या मागोमाग शिरगुप्पेही गेला, दोन पेढे खाऊन. विद्याधर स्टँडवरच्या चपला काढायला वाकला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "मी पडले होते ते?"

"म्हणजे काय! आत्ता सांगितलं ना."

"त्याच दिवशी?"

"हो."

"आणि खिडकीचं, ओट्याचं, कढीपत्त्याचं? सगळं?"

"शैलजा, मी याच घरात राहत होतो," तो जरा वैतागून म्हणाला. 'शैला' जीपबरोबरच गेली होती. "डोळे आहेत मला."

"मग कधी बोलला का नाहीत?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं खरोखर विचार केला आणि मग एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "आमच्याकडे बायकोचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. आई म्हणायची, बायको शेफारते. बाबांनी कधी आईचं एका शब्दानं कौतुक केलं नाही, म्हणून तर ती शेवटपर्यंत राबली."

"मी मूल पोटात घेऊन पडले होते. निदान विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू पाणी घालणं सोडलं असतंस," तो म्हणाला. "मग स्लॅब गळला असता."

तो हे रागानं म्हणाला नाही. सहज म्हणाला, हिशेबानं बरोबर असलेली गोष्ट म्हणावी तसं. आणि चपला घालून पायरी उतरता उतरता वळला. "नाव मात्र छान घेतलंस हं. पाठ केलं होतंस की मनातून आलं?"

"तोंडावर सांगायची पद्धत नाही," मी म्हटलं आणि दार लावलं.

नारळ मी त्याच दुपारी मागच्या पायरीवर फोडला. खवला नाही, वडी केली नाही. तिथंच बसून पाण्यासकट तो सगळा एकटीनं खाल्ला, जबडा दुखेपर्यंत. आक्काची ओटी खोटी होती असं मला वाटत नाही. ती ज्या बाईसाठी घेऊन आली होती ती बाईच मी होते, फक्त नवरा त्या बाईचा नव्हता.

महिन्याभरात व्यवहार झाला. आम्ही आरगेबाईंच्या ऑफिसात गेलो. विद्याधरनं शब्द पाळला. सही करून, तारीख घालून, पेन टोपण लावून परत ठेवून तो निघून गेला. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर हात ठेवला.

"शैलजाताई, एकदा विचारते. विचारायचं माझं कामच आहे," त्या म्हणाल्या. "मारझोड नाही, व्यसन नाही. तुम्ही म्हणाला होतात, त्यांना तुम्ही दिसत नाही. अशी माणसं असतात हो. पण समजावून सांगितलं, समोर धरून दाखवलं, तर कधीकधी दिसायला लागतं त्यांना. अजून वेळ गेलेली नाही."

मी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"नाही हो बाई," मी म्हटलं. "त्यांना सगळं दिसत होतं."

आणि सही केली.